कोरडा खडक

सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या त्या आठवड्यात त्यांनी दोन गोष्टी केल्या. निरोपसमारंभात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ शेजारच्यांना देऊन टाकलं, आणि गळाचा चौदा फुटी नवा रॉड आणला. आमच्या दिवाणखान्यात तो उभा मावेना, आडवाही मावेना. शेवटी दाराच्या चौकटीवरून तिरका स्वयंपाकघरात गेला. त्याच्याखालून वाकून जायची सवय आम्हाला महिनाभरात लागली. एकट्या सासऱ्यांना लागली नाही, कारण त्यांच्या गुडघ्यांनी त्याच सुमारास राजीनामा दिला होता आणि वाकणं हा विषयच संपला होता.

सासूबाईंना मी आई म्हणते, सासऱ्यांना बाबा. दर रविवारी दुपारी आई समुद्रात घुसलेल्या खडकाळ टोकावर गळ टाकायला जातात. टोकाला तीन पायऱ्या आहेत, निसर्गाने घडवलेल्या आणि म्हणून एकसारख्या नसलेल्या. सर्वांत वर माणूस बसेल अशी एक खोबण, तिला खुर्ची म्हणतात. तिच्या बरंच खाली कट्टा. कट्ट्याच्या पुरुषभर खाली पाट, म्हणजे चार माणसं रॉड घेऊन उभी राहतील असा सपाट खडक. मोठे मासे पाटावरूनच मिळतात, कारण तिथे पाण्याला एकदम खोली आहे. माणसंही तिथूनच वाहून जातात. गळ टाकणाऱ्या आमच्या मंडळींतलं कोणी गेलेलं नाही, याचं श्रेय बाबांच्या नियमांना.

पहिला नियम: वर खुर्चीत एकाने शिट्टी घेऊन बसायचं. त्याने स्वतः गळ टाकायचा नाही, फक्त समुद्र बघायचा. पहाऱ्याला माणूस नसेल तर कोणीही उतरायचं नाही. दुसरा: लांब शिट्टी वाजली की हातातलं सगळं टाकून वर यायचं, प्रश्न नंतर विचारायचे. दोन आखूड शिट्ट्या वाजेपर्यंत परत खाली जायचं नाही. तिसरा: पाट कोरडा असेल तर उतरायचं, ओला असेल तर परत फिरायचं. या तिसऱ्यामागचा हिशेब असा, की समुद्रावरच्या दमट वाऱ्यात तो खडक वाळायला तासभर लागतो. खडक कोरडा दिसला म्हणजे तासाभरात पाटावर पाणी आलेलं नाही, आणि तासाभरात आलं नाही ते पुढच्या तासाभरातही बहुधा येणार नाही. तेवीस वर्षं हा हिशेब बरोबर येत होता.

चौथा नियम मंडळींनी पुढे घातला. दोन शिट्ट्या खोट्या ठरल्या की शिट्टी दुसऱ्याकडे द्यायची. कारण एकदा विश्वास गेला की माणूस शिट्टी ऐकून आधी समुद्राकडे बघतो आणि मग चढायला लागतो, आणि त्या बघण्यातच जीव जातो. ग्रंथालयातून निवृत्त झालेले एक गृहस्थ बाबांच्या आजारपणात पहाऱ्याला बसले होते. त्यांनी एकदा जहाजाने उठवलेल्या लाटेला आणि एकदा ढगाच्या सावलीला शिट्टी वाजवली. तेव्हापासून त्यांचं नाव अलार्म. ते स्वतःही फोनवर तेच नाव सांगतात.

बाबांचे गुडघे गेल्यावर शिट्टी माझ्याकडे आली. उघड आहे, दुसरं कोणी घेईना. मंडळींतले उरलेले दोघं, टेलरमास्टर आणि अलार्म, यांना रविवारची दुपार दुसऱ्याचे गळ बघण्यात घालवायची नव्हती. मला मासे धरण्यात रस नाही, समुद्र बघण्यात आहे. त्यामुळे जमलं. दोन महिने सुरळीत गेले. मग एका रविवारी मी एका लाटेला शिट्टी वाजवली आणि ती लाट पाटापर्यंत यायच्या आधीच बसली.

"या, या," अलार्म धापा टाकत वर येऊन म्हणाले होते, "किती वर्षं एकटा होतो मी."

म्हणजे एक झाली. आणखी एक खोटी ठरली असती तर मी सुटले असते, पण आईंचा पाट कायमचा सुटला असता. पहाऱ्याला माणूस नाही, म्हणजे उतरणं नाही. एकसष्टाव्या वर्षी आईंना आठवड्यातून एकदाच आपल्या मनासारखं उभं राहायला जागा मिळते, आणि ती त्या खडकावर आहे, हे मला माहीत होतं. त्यांना माझ्यापेक्षा जास्त.

पुढच्याच रविवारी वारा उलटा होता. आमच्याकडे दुपारी नेहमी समुद्रावरून वारा येतो, त्या दिवशी जमिनीकडून येत होता, गरम आणि सुका. सकाळी गच्चीत टाकलेली चादर मी वीस मिनिटांनी बघितली तर पापडासारखी कडक झाली होती. आम्ही चौघं टेकडीची पायवाट चढत होतो तेव्हा तो वारा पाठीवर होता, आणि समुद्राचा आवाज नेहमी जिथून ऐकू येतो तिथून येत नव्हता. आवाज वारा उलटा ढकलत होता.

"सूनबाई," टेलरमास्टर मागून म्हणाले, "शिट्टी घरी विसरलीस तर बरं. निदान आज मासे मिळतील."

"मास्टर, तुम्ही तुमच्या शिवणीकडे बघा," आई वळून न बघता म्हणाल्या. "माझ्या जाकिटाची उजवी बाही इंचभर आखूड आली आहे."

"बाही नाही आखूड. तुमचा हात लांबलाय. मासा केवढा होता ते दाखवून दाखवून."

अलार्म एवढे हसले की त्यांना पायवाटेवर थांबावं लागलं.

टोकावर पोचलो तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. भरती सुरू होऊन दोन तास झाले होते. पाट पांढुरका राखाडी दिसत होता. ओला असला की तो काळा दिसतो, त्यामुळे दुरूनही चूक होत नाही. समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत होता. सगळ्यांनी वरून बघितलं, सगळ्यांनी मान हलवली, आणि तिघं खाली उतरले.

मी त्यांच्याबरोबर कट्ट्यापर्यंत गेले. कट्ट्यावर घमेल्याएवढा एक खळगा आहे. मोठ्या भरतीच्या वेळी उडालेलं पाणी त्यात साचून राहतं. मासे ठेवायची बादली मी नेहमी त्यातूनच भरते. ती भरली, कट्ट्याच्या कडेला ठेवली आणि वर जाऊन खुर्चीत बसले.

बसल्यावर काहीतरी खटकत होतं. काय ते शोधायला मला दोनेक मिनिटं लागली. माझा उजवा हात गार होता.

मी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुना घेताना पहिली नोंद तापमानाची करायची असते, कारण बाकी सगळं नंतर मोजता येतं, तापमान येत नाही. या सवयीने मला दर रविवारचं त्या खळग्यातलं पाणी हाताला आठवत होतं. दुपारी तीन वाजता ते चांगलं कोमट असायचं. आई कुरकुरायच्या, की अशा पाण्यात मासे ठेवले तर घरी जाईपर्यंत शिजतील. आज ऊन नेहमीपेक्षा कडक होतं आणि पाणी गार होतं. समुद्राच्या पाण्याइतकं गार.

लगेच दुसरं कारण सुचलं, आणि ते चांगलं कारण होतं. सुका वारा पाण्याची वाफ करतो आणि राहिलेलं पाणी गार होतं. माठात तेच होतं. कदाचित एवढंच असेल. पण मग खळग्यातलं पाणी बरंच कमी झालेलं दिसायला हवं होतं, आणि काठाला मिठाची पांढरी रेघ हवी होती. मी आठवून बघितलं. बादली बुडवली तेव्हा पाणी काठावरून सांडून माझ्या बुटात गेलं होतं. मोजा अजून ओला होता. खळगा काठोकाठ भरलेला होता.

म्हणजे तो थोड्या वेळापूर्वी भरला होता. कट्टा पाटाच्या पुरुषभर वर आहे. जे पाणी कट्ट्यावर पोचलं, ते पाटावरून गेल्याशिवाय पोचलेलं नाही.

मग पाट कोरडा कसा?

माझ्याकडे प्यायच्या पाण्याची बाटली होती. तिच्यातलं पेलाभर पाणी मी खुर्चीशेजारच्या उन्हातल्या खडकावर ओतलं, हाताने पसरलं आणि घड्याळ बघितलं. तीन वीस. खडक काळा झाला. मी एक डोळा समुद्रावर आणि एक त्या डागावर ठेवला. डाग कडेने आक्रसत गेला. तीन सत्तावीसला फक्त एका चिरेत काळी रेघ उरली होती.

सात मिनिटं. बाबांचा तास आज सात मिनिटांचा होता. कोरडा पाट बघून आम्ही उतरलो तेव्हा आम्हाला एवढंच कळलं होतं, की गेल्या सात-आठ मिनिटांत लाट आलेली नाही.

मोठ्या लाटा एकेकट्या येत नाहीत, तीन-चार मिळून येतात. आमची मंडळी त्यांना वऱ्हाड म्हणतात. नेहमी दोन वऱ्हाडांत आठ-दहा मिनिटं जातात, त्यामुळे पाट ओला राहतो आणि आपण उतरतच नाही. पण फार लांबच्या वादळातून निघालेल्या लाटा असल्या की त्यांच्यात अर्धा अर्धा तासही जातो, आणि मधल्या वेळात समुद्र असाच दिसतो. तेल ओतल्यासारखा. पुढचं वऱ्हाड केव्हा येणार, हे मला सांगता येत नव्हतं. येणार, एवढं सांगता येत होतं. आणि भरती चढत होती, म्हणजे ते आधीच्यापेक्षा लहान नसणार.

मी शिट्टी तोंडाशी नेली आणि खालून आईंचा आवाज आला.

"लागला! लागला रे!"

चौदा फुटी रॉड अर्धा वाकला होता. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, पाण्यात सरळ खाली गेली होती आणि रिळातून सुटत असताना तिचा आवाज मला वरपर्यंत येत होता. अलार्मनी स्वतःचा रॉड खाली ठेवला आणि लांब दांड्याची जाळी उचलली. मास्टर ओरडून सूचना देत होते. "सोडा, सोडा, ओढू नका! आता ओढा!" आई कोणाचंही ऐकत नव्हत्या. पाय फाकवून, किंचित मागे झुकून उभ्या होत्या. वर्षभरात त्यांना एवढा मोठा मासा लागला नव्हता. तो वर यायला अजून चार-पाच मिनिटं लागली असती.

समुद्र क्षितिजापर्यंत सपाट होता. तिथे दाखवण्यासारखं काहीही नव्हतं.

मी लांब शिट्टी वाजवली.

सगळ्यांत आधी अलार्म निघाले. जाळी जिथे होती तिथे टाकली आणि चढायलाच लागले. आपली शिट्टी कोणी ऐकली नाही तर कसं वाटतं ते त्यांना ठाऊक होतं. मास्टरांनी वर बघितलं, समुद्राकडे बघितलं, परत वर बघितलं, आणि दोन्ही हात हवेत उडवून निघाले. आई हलल्या नाहीत. त्यांनी फक्त मान वर केली. एवढ्या लांबून चेहरा दिसत नाही. मी दुसऱ्यांदा वाजवली, श्वास संपेपर्यंत.

आईंनी कमरेची सुरी काढली आणि दोरी कापली. रॉड झटकन सरळ झाला. तो त्यांनी पाटावर ठेवला आणि दोन्ही हात मोकळे ठेवून, घाई न करता पण कुठे न थांबता वर आल्या.

"बोल," त्या म्हणाल्या. एवढंच.

मी बोलायच्या आधी मास्टर बोलले. "कुठाय वऱ्हाड? दाखव मला. एक तरी वऱ्हाडी दाखव."

"वाटेत आहे," मी म्हणाले.

"पोचणार केव्हा?"

"ते माहीत नाही. पाऊण तासाच्या आत."

"पाऊण तास! अहो, पाऊण तासात मी कोटाला अस्तर लावतो!"

मी त्यांना खळग्याचं सांगितलं. पाणी गार, काठोकाठ, आणि मीठ कुठे नाही. मास्टर म्हणाले, पाट कोरडा होता, चौघांच्या आठ डोळ्यांनी बघितलं. मी बाटली उघडली आणि त्यांच्या पायाशी खडकावर पाणी ओतलं.

"हे किती वेळात वाळेल?" मी विचारलं.

"तासाभरात. तुझ्या सासऱ्यांनी शंभर वेळा सांगितलंय."

"तुमच्या घड्याळात बघा."

तिघं त्या डागाभोवती उभे राहिले. वारा आमच्या पाठीवरून खाली समुद्राकडे वाहत होता. तीन मिनिटांत डाग निम्मा झाला. अलार्मनी खाली वाकून बोट लावून बघितलं आणि बोट पँटला पुसलं, जरी ते कोरडंच होतं.

"तुझ्या सासऱ्यांना फोन लावू या का?" अलार्म म्हणाले. "त्यांचं मत—"

"त्यांना काय विचारायचं?" आई म्हणाल्या. "ते घरी सोफ्यावर आहेत. पहाऱ्यावर ही आहे."

सहाव्या मिनिटाला डाग गेला. पटलं असं मास्टर म्हणाले नाहीत. ते बसले, उठले, पाटाकडे बघत राहिले. त्यांचा रॉडही तिथे होता, मुलाने वाढदिवसाला दिलेला. खाली सगळं जागच्या जागी होतं: तीन रॉड, जाळी, कोळंबीच्या आमिषाचा डबा. एखादा कावळाही ते उचलून नेऊ शकला असता, इतकं शांत.

"मी फक्त रॉड घेऊन येतो," मास्टर म्हणाले. "दोन मिनिटं. गेलो आणि आलो."

"मास्टर," आई म्हणाल्या, "मी मासा सोडलाय. तुम्ही रॉड सोडा."

एक्स्चेंजमध्ये तीस मुलींना एका वाक्यात गप्प करणारा तो आवाज होता. मास्टर बसले.

मी परत खुर्चीत गेले. आतून मी शांत होते, याचं मला नंतर नवल वाटलं. मला सारखं दिसत होतं की वाट बघण्याचं प्रत्येक मिनिट मास्टरांच्या बाजूचं आहे, आणि तरी शिट्टीबद्दल शंका येत नव्हती. पाणी खळग्यात आपोआप चढत नाही.

तीन चव्वेचाळीसला पाटाखालचं पाणी उतरलं. एरवी बुडलेला खडकाचा भाग उघडा पडला, त्यावरचे शिंपले आणि लोंबतं शेवाळ दिसलं. पाणी उतरतच गेलं.

"हे काय?" अलार्म उभे राहिले.

फेस नव्हता, भिंत नव्हती. समुद्र नुसता उंच झाला. पहिली लाट पाटावरून घोट्याएवढी गेली, जवळजवळ सभ्यपणे. तिने आमिषाचा डबा नेला. दुसरी गुडघ्याच्या वर होती. तिन्ही रॉड एकदमच फिरले, एकमेकांत अडकले आणि कडेवरून गेले. तिसरीला पाट दिसेनासाच झाला. तिने कट्ट्यावर चढून बादली उचलली, खळगा भरला, आणि परत जाताना असा आवाज केला की तो उलट्या वाऱ्यातूनही ऐकू आला. चौथी लहान होती. मग समुद्र पुन्हा सपाट झाला.

मग मास्टर म्हणाले, "गुडघाभर तर होतं पाणी. दुसरीचं."

"गुडघाभरच," आई म्हणाल्या. "तुमचा रॉड कुठे आहे?"

उतरायचा प्रश्नच नव्हता, पण घरीही कोणी निघालं नाही. आम्हाला पुढचं वऱ्हाड बघायचं होतं. अलार्मनी थर्मासमधला चहा वाटला. अकरा मिनिटांनी पाट पुन्हा पांढुरका राखाडी झाला, पहिल्यासारखा स्वच्छ आणि कोरडा. तो तसा होत असताना चौघंही त्याच्याकडे बघत होतो. मास्टरांनी दुसऱ्या कपाला हात पुढे केला आणि चहा न घेताच मागे घेतला.

"किती वेळा उतरलो असू आपण असे?" त्यांनी विचारलं. कोणाला उद्देशून ते कळलं नाही.

"उलटा वारा क्वचितच असतो," मी म्हणाले. "बाबांचा हिशेब एरवी बरोबरच आहे."

चार वाजून दहा मिनिटांनी दुसरं वऱ्हाड आलं. सव्वीस मिनिटं. मी ते वहीत लिहिलं. मास्टर वाकून वहीत बघत होते, त्यांनी स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि म्हणाले, "पुढच्या खेपेपासून आधी खडकावर पाणी ओतून वेळ बघायची. आणि खळग्यात हात घालून बघायचा. तू सांगेपर्यंत आम्ही कोणी उतरत नाही, सूनबाई." मग अलार्मकडे वळले. "आणि तुम्ही पुन्हा एकटेच. तिच्याकडून दुसरी खोटी होणार नाही."

"असू दे," अलार्म म्हणाले. "मला सवय आहे."

परतीच्या वाटेवर वारा तोंडावर होता आणि हात रिकामे होते, त्यामुळे आम्ही भराभर उतरत होतो. आई माझ्या बरोबरीने चालत होत्या. मला वाटलं, त्या मास्टरांसारखाच काहीतरी विचार करताहेत.

"मासा पाच मिनिटांत वर आला असता," त्या म्हणाल्या. "वऱ्हाड चौदा मिनिटांनी आलं. तू शिकलेली आहेस, वजाबाकी कर."

"चौदा मिनिटं हातात आहेत हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आई."

"मग मला होतं का?" आई म्हणाल्या. "म्हणून तर कापली दोरी." आणि मान वळवून मागच्या अलार्मना हाक मारली. "अहो, तुमच्या माळ्यावर जुने रॉड आहेत ना? रविवारी तीन घेऊन या. माझा जरा लांब बघा."